नूरमहंमदांचा लेथ आणि बानूबींची घागर

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर बानूबींच्या लेकीचा, जहिराचा निकाह होता आणि मंगळवार उजाडला तरी अंगणाच्या बरोबर मधोमध लोखंड कातायचा सात फुटी लेथ पाय रोवून उभा होता. मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ते रोवायला आलेले दोघे गडी लेथभोवती एक चक्कर मारून परत निघाले. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "भाभी, नवरदेव ह्याच्यावरच बसवायचा का?"

बानूबी हसल्या नाहीत. शेवगावहून साठ पाहुणे येणार होते आणि अंगणात धड सहा माणसं बसायला जागा नव्हती. पाणी आणतानासुद्धा लेथला वळसा घालून यावं लागे. दोन महिन्यांत एक दिवस असा गेला नव्हता, की कमरेवरची पितळी घागर त्या मशीनच्या पायांवर आपटली नाही. अलीकडच्या पायाला लागली की ठणकन वाजायची. पलीकडच्या पायाला लागली की बद्द. बानूबी दोन्ही आवाजांना सारख्याच शिव्या द्यायच्या.

बानूबींचे यजमान नूरमहंमद नगरच्या सर्जेपुऱ्यात जुन्या लेथ आणि मिलिंग मशीनची खरेदी-विक्री करत. १९४६ साल होतं. लढाई संपली होती आणि लष्कराच्या जुन्या मालाचे लिलाव निघत होते. बाकीचे व्यापारी लिलावात मालाचं वजन किती भरेल ते बघत. नूरमहंमद डोळे मिटून मशीनवरून बोटं फिरवत, हकिमाने नाडी धरावी तशी. कुठे किती झीज आहे, चाकाचा कुठला दात नंतर पितळेने भरलाय, हे त्यांना बोटांनी कळे. मोहल्ल्यात म्हणत, नूरभाईंनी बायकोचं तोंड निकाहानंतर पाहिलं, मशीनचं मात्र आधी पाहतात.

इथवर ठीक होतं. पण विकायची वेळ आली की हा माणूस व्यापारी राहत नसे, मुलीचा बाप होई. तुमची शेड गळते का? तेल कोण घालणार? लेथ चालवणारा तुमचा टर्नर दारू पितो का? एवढं विचारून झालं की मशीनमध्ये जितक्या खोडी असतील तितक्या ठिकाणी ते स्वतः खडूने गोल काढत. असा विक्रेता साऱ्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. मात्र एक खोड ते मुद्दाम कोरी ठेवत. ती ज्याला सापडेल त्याला मशीन. नाही सापडली तर ती आपणच दाखवत, वर चहा पाजत आणि म्हणत, "एक महिन्याने या. तोवर कुठल्या तरी कारखान्यात उभं राहून बघून या." चहा पिऊन गेलेल्यांची संख्या मशीन घेऊन गेलेल्यांच्या पाचपट होती. पण घेऊन गेलेल्यांपैकी एकही कधी भांडायला परत आला नव्हता, हेही बानूबींना मान्य करावं लागे. अर्थात मनातल्या मनात.

त्या मंगळवारी शेवगावहून राधाकृष्ण शेठ आले. त्यांची तेलाची घाणी होती आणि हातात पैशांची पिशवी होती. त्यांनी लेथला बाहेरूनच एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आवडला. गाडी बोलावू?"

चुलीपाशी बसलेल्या बानूबींनी आभाळाकडे बघून हात जोडल्यासारखे केले.

"थांबा शेठ," नूरमहंमद म्हणाले. "तीन गोल काढलेत. चौथी खोड तुम्ही सांगा."

शेठनी पांढरे गोल पाहिले, रंग पाहिला, चाक फिरवलं. मग धोतराला हात पुसत म्हणाले, "नूरभाई, मी मशीन घ्यायला आलोय का मॅट्रिकला बसायला?"

"चहा घेणार ना?"

शेठ चहा पिऊन गेले. पिशवी जशी आली तशी गेली.

"जहिराच्या अब्बा," बानूबी शांतपणे म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत झाला की नूरमहंमद टोपी सारखी करत. "शेठकडे तो लेथ काय उपाशी मरणार होता?"

"त्यांचा माणूस त्याला एका वर्षात भंगार करील, बानू."

"आणि शुक्रवारी माझी अब्रू भंगारात जाईल, तिला गोल कोण काढणार?"

नूरमहंमदांनी टोपी पुन्हा सारखी केली. मग त्यांनी लेथला तेल घातलं.

बुधवारी सकाळी मिरजगावचा गहिनीनाथ लोहार आला. तिशीचा, हातावर ठिणग्यांचे डाग, खांद्यावर घोंगडी आणि घोंगडीत एक छोटी हातोडी. गावात नवीन इंजिनं आली होती, मोटेच्या जागी पंप आले होते आणि त्यांचे तुटके दांडे घेऊन लोकांना नगरला यावं लागे. गहिनीनाथाने जुनं ऑइल इंजिन घेतलं होतं. आता त्यावर चालवायला लेथ हवा होता.

"शेड गळते का?" नूरमहंमदांनी विचारलं.

"गळत हुती. आता पत्रं टाकलंत."

"तेल कोण घालणार?"

"मीच. बायकूला बी हात लावू देनार न्हाई."

"चौथी खोड सांगा."

गहिनीनाथ लेथच्या कडेला गेला. लेथच्या लांब लोखंडी रुळांवर हत्यार धरणारी एक गाडी पुढे-मागे सरकते. ती त्याने चकाजवळ, म्हणजे कातायचा दांडा धरतात त्या टोकाजवळ आणली, जेमतेम सरकेल इतकीच कसली आणि दुसऱ्या टोकाकडे ढकलली. अर्ध्यात जाऊन ती अडली.

"चकापाशी रूळ झिजलंय. तिथं लई काम झालंय ना. म्हनून तिथं कसलं की न झिजलेल्या टोकाला आडतंय."

नूरमहंमदांचा चेहरा ईदचा झाला. बानूबींच्या हातातली रोटी तव्यावर पडायची थांबली. पण गहिनीनाथ खाली बसला होता. त्याने हातोडीने अलीकडच्या पायावर टिचकी मारली. ठण्ण. मग पलीकडच्या पायावर. बद्द.

"आन् चाचा, ही पाचवी. पाय तडकलाय. फटीत लांबीचं लुकण भरून वरनं रंग दिलाय कुनीतरी."

"शक्य नाही!" नूरमहंमद म्हणाले. "माझी बोटं फिरलीत त्यावरून!"

"बोटाला रंगच लागनार. आमी लोहार लोखंड कानानं बघतो."

गहिनीनाथाने चाकूने रंग खरवडला. खालून केसाएवढी काळी रेघ निघाली, वीतभर लांब. नूरमहंमद जमिनीवर बसले. तीस वर्षांत त्यांच्या बोटांना पहिल्यांदाच कोणीतरी नापास केलं होतं.

"ही गोष्ट मी दोन महिने ऐकत होते," चुलीपाशी बसलेल्या बानूबी म्हणाल्या. "घागर लागली की तो पाय रोज बद्द वाजतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बानूला कधी चौथी खोड विचारलीत?"

गहिनीनाथाने तोंडापुढे घोंगडी धरली. आतून हसण्याचा आवाज आलाच.

नूरमहंमदांनी उठून पायावर खडूने गोल काढला. मोठा, बाकीच्या तिन्हींपेक्षा मोठा. मग आपणहून किंमत एक तृतीयांश उतरवली. गहिनीनाथ म्हणाला, एवढं नको, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात तसा पायाला लोखंडी वेढा चढवीन, थंड झाला की तड आवळून बसेल. नूरमहंमद म्हणाले, तो वेढा तुमचा, चूक माझी. दोघे बराच वेळ उलट्या बाजूने घासाघीस करत बसले आणि बानूबींना वाटलं, आता ही दोघं शुक्रवारपर्यंत उठत नाहीत.

गुरुवारी सकाळी बैलगाडी आली आणि तेव्हा कुठे नूरमहंमदांना ते आठवलं. म्हणजे बानूबींना आठवलं. नूरमहंमदांचा फक्त रंग उडाला.

लेथ आला होता दसऱ्याच्या सुमाराला. यंदाच्या पावसात मागची भिंत पडली होती आणि मशीन मागच्या मोकळ्या मैदानातून ओंडक्यांवरून गडगडत थेट अंगणात आलं होतं. त्या आनंदात नूरमहंमदांनी तीन आठवडे स्वतः राबून चुन्यात दगड बसवून नवी भिंत बांधली. पुढचं दार होतं, पण दारापुढचा बोळ साडेतीन हातांचा. सात फुटी, वीस मणांचं मशीन दारातून सरळ बाहेर निघालं असतं तर समोरच्या घराच्या भिंतीत जाऊन थांबलं असतं. वळायला जागाच नव्हती.

"चाचा, गिअरचं डोकं उतरवू," गहिनीनाथ म्हणाला. "दोन तुकडं करून नेऊ."

"उतरवायचं नाही!" नूरमहंमद ओरडले. "ज्याने ते बसवलं त्याने केसाच्या शंभराव्या भागाइतकं सरळ बसवलंय. एकदा उतरलं की तुम्ही आयुष्यभर तिरके दांडे कातत बसाल."

"मग?"

नूरमहंमदांनी एकदा लेथकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. भिंत सुंदर झाली होती. एकही दगड पुढे आलेला नव्हता, दोरी लावून बघावी अशी. मग ते आत गेले आणि पहार घेऊन आले.

बानूबींनी त्यांना अडवलं नाही. पदर खोचून त्या निघालेले दगड बाजूला रचू लागल्या. या माणसाला वाकडं काम होत नाही, आणि चांगलं मशीन वाकडं होऊ देण्यापेक्षा स्वतःचं चांगलं काम तोडतो, हे बघून त्यांना राग यायला हवा होता. तो आला नाही. संध्याकाळी लेथ ओंडक्यांवरून भिंतीतल्या भगदाडातून बाहेर पडला. नूरमहंमद मिरजगावच्या रस्त्यापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. गहिनीनाथाला तेल कधी घालायचं ते त्यांनी वाटेत सात वेळा सांगितलं.

शुक्रवारी वरात आली. बोळात वाजंत्र्यांची गर्दी मावेना, म्हणून सगळे मागून मैदानातून आले. भगदाडाच्या दोन्ही बाजूंना जहिराच्या मैत्रिणींनी आंब्याचे डहाळे बांधले होते. नवऱ्याचे वडील दाऊदमियाँ आत पाऊल ठेवत म्हणाले, "वा नूरभाई! आमच्यासाठी एवढा मोठा दरवाजा केलात!"

नूरमहंमद खरं सांगायला तोंड उघडणार, तोच बानूबींचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. त्यांनी तोंड मिटलं. एक खोड कोरी ठेवायची सवय त्यांना होतीच.

भिंत पुन्हा बांधली नाही. बानूबींनी तिथे दोन फळ्यांचं रुंद फाटक लावून घेतलं. फेब्रुवारीत त्याच फाटकातून एक मिलिंग मशीन आत आलं. नूरमहंमदांनी डोळे मिटून सगळीकडे बोटं फिरवली, पाच गोल काढले, हात झटकले. मग थोडं थांबून, खाकरून, स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "बानू, पाणी आणायला निघालीस का?"

बानूबी रिकामी घागर घेऊन बाहेर आल्या. मशीनभोवती सावकाश फिरल्या, चार ठिकाणी घागर आपटून ऐकली आणि मागच्या कोपऱ्यापाशी थांबल्या.

"इथे."

नूरमहंमद खडू घेऊन वाकले.