विमानात सफरचंद कापणारा माणूस

पेठ वडगावात शेतीपंपांचं दुकान चालवणाऱ्या शिवप्रसादला गाव एका गोष्टीसाठी ओळखत होतं, आणि ती गोष्ट मुळात घडलेलीच नव्हती.

सत्त्याण्णव साली पंपाच्या कंपनीनं जास्त खप करणाऱ्या दुकानदारांना बँकॉकला नेलं, त्यात हा होता. परत आल्यापासून दुकानाच्या काउंटरवर कोपर टेकून तो गिऱ्हाइकांना सांगायचा, की आपण घडीचा चाकू खिशात घालून विमानात बसलो, ढगांच्या वर सफरचंद कापलं आणि एक फोड हवाईसुंदरीलाही दिली. पहिल्या वर्षी फोड एकच होती. पुढच्या वर्षी तिनं आणखी एक मागून घेतली. सहा वर्षांत त्या बिचारीनं अख्खं सफरचंद संपवलं होतं.

त्याची बायको दानेश्वरी दुकानाच्या मागच्या खोलीत भाजी निवडत हे ऐकायची. तो चाकू मोठ्या बॅगेत, करड्या मोज्याच्या आत तिनंच घालून दिला होता. घर कडक शाकाहारी. तिकडच्या सुरीनं आधी काय कापलं असेल कुणाला ठाऊक, म्हणून सासूनं, बसम्मानं, घरचा चाकू न्यायला लावला होता. परत आल्यावर मोज्यातून तो काढलाही दानेश्वरीनंच. चाकूभोवती तिनं गुंडाळलेल्या कागदाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आठ दिवस नवरा बिस्किटांवर जगला होता, कारण फळ कापून खायचं तर आधी ते कापता यायला हवं. घरात त्यानं कधी लिंबूसुद्धा चिरलं नव्हतं. जेवताना कांदा हवा असला की तो नुसता ताटाकडं बघायचा, आणि कांदा यायचा.

दोन हजार तीन साली कंपनीनं सिंगापूर ठरवलं, ते जोडीनं. बसम्मानं मुलाला बजावलं, “हिला घिऊन जा. न्हाईतर परत बिस्किटं खाऊन वाळून येशील.” म्हणजे दानेश्वरी निघाली होती ती चाकूबरोबर लागणारा हात म्हणून. हे तिला पुरतं कळत होतं. पण माहेर संकेश्वर आणि सासर वडगाव, एवढ्यातच चाळीस वर्षं गेलेल्या बाईला कुणाच्या का निमित्तानं होईना, जायचं होतं. पासपोर्ट आला त्या दिवशी तिनं तो दुपारभर उशाखाली ठेवला होता.

मुंबईच्या विमानतळावर कंपनीच्या माणसानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की चाकू, कात्री, ब्लेड जे असेल ते मोठ्या बॅगेत टाका, हल्ली जवळ ठेवू देत नाहीत. दानेश्वरीनं चाकू मोठ्या बॅगेतच ठेवला होता. तेवढ्यात कागलचा दुकानदार आकाराम, ज्यानं ती सफरचंदाची गोष्ट दहादा ऐकली होती, म्हणाला, “मग आमच्या शिवप्रसादशेटचं सफरचंद कोण कापणार?”

सगळे हसले. तिथंच गप्प बसला असता तर शिवप्रसाद कसला. त्यानं भर गर्दीत बॅग जमिनीवर आडवी पाडली, साड्या उपसल्या, चाकू काढला आणि सगळ्यांना दिसेल असा खिशात घातला. “आमचं काय नवीन न्हाय,” म्हणाला. दानेश्वरीनं हळूच सांगून पाहिलं, पण त्यानं बॅगेची चेन ओढून घेतली. बॅगा गेल्या, पासपोर्टवर शिक्के बसले.

तपासणीची रांग पुढं सरकली तशी त्याची मान घामानं भिजली. रुमाल हवाय म्हणून त्यानं तिची पर्स मागितली, आत हात घातला आणि परत दिली. पर्स जड लागली, पण तोवर ती यंत्राच्या पट्ट्यावर गेली होती.

पट्टा थांबला. पोलीसबाईनं पर्स कुणाची म्हणून विचारलं आणि कंगव्याशेजारचा चाकू वर धरला. आता इथूनच परत पाठवणार, असं दानेश्वरीला वाटलं.

“बायकांना काय कळतंय, मॅडम,” मागून शिवप्रसाद म्हणाला. “सांगितलं हुतं न्यायचा न्हाय म्हणून, तरी आणला हिनं.”

पोलीसबाई म्हणाली, की चाकू डब्यात टाका आणि पुढं जा, नाहीतर चाकू घेऊन बाहेर जा. आकाराम दोन माणसं मागं उभा राहून सगळं बघत होता. त्याच्यासमोर चाकू टाकून जायचं शिवप्रसादच्या जिवावर आलं. तो बायकोच्या कानाशी वाकला. “तू बाहेर जा. आपला गाडीवाला आसंल आजून, त्याच्याकडं दे. वेळ झाला तर पुढच्या इमानानं ये.”

पुढचं विमान म्हणजे जणू वडगावची एसटी. एकोणीस वर्षांच्या संसारात दानेश्वरीनं त्याची पुष्कळ रूपं पाहिली होती, पण माणूस एवढा फुसका असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं पोलीसबाईच्या हातातून चाकू घेतला आणि डब्यात टाकला. मग रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “चाकू यांचा हाय, बाई. पण भिऊ नका. यांना त्यो उघडताबी येत न्हाय.”

आकाराम हसला नाही. त्यानं नुसतं छताकडं पाहिलं, आणि शिवप्रसादला तेच जास्त लागलं. विमानात तो खिडकीकडं तोंड करून झोपेचं सोंग घेऊन बसला. खिडकीची जागा खरं तर दानेश्वरीची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंगापूरच्या हॉटेलात फळांची ताटं मांडली होती. दानेश्वरीनं पपईच्या चार फोडी घेतल्या. रिकामी बशी घेऊन बसलेला नवरा म्हणाला, “त्या सुरीनं आधी काय कापलं आसंल, काय ठावं.”

“आसंल,” ती म्हणाली. पहिली फोड तिनं डोळे मिटून खाल्ली, दुसरी उघडे ठेवून.

“मग मी काय खाऊ?”

“केळी हायत की. त्याला चाकू लागत न्हाय.”

त्यानं एक केळं आणून तिच्या बशीशेजारी ठेवलं आणि सवयीनं वाट बघत बसला. ती तिसरी फोड खात राहिली. शेजारच्या टेबलावर आकारामनं खुर्ची जराशी वळवून घेतली. शेवटी शिवप्रसादनं केळं उचललं, देठ पिरगाळला, तो निघेना म्हणून जोरात दाबलं, आणि केळं मधेच फुटून त्याच्या बोटांवर आलं. तो बोटं चाटत बसला.

दानेश्वरी आणखी पपई आणायला उठली.