देवमनचे पाय

देवमन अठरा वर्षं माणिकराव पाटलाचा सालदार होता. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यालोक वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. दिवसा पाटलाच्या वावरात, रात्री पाटलाच्या गोठ्यात बैलांजवळ. स्वतःच्या घरी यायचा तो अंधारातच. पहाटे भाकर बांधून घ्यायले, अन् दिवे लागल्यावर चार घास खाऊन परत गोठ्यात जायले. दोन पोरी होत्या त्याले. बाप आला का त्या झोपेत, बाप गेला का त्या झोपेत.

आमचं गाव अनसिंगपासून चार कोसांवर. तिथं पाडव्याची एक रीत होती. सालदारानं बैल हाकायची तुतारी, म्हणजे टोकाले आर लावलेली काठी, पाटलाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची. पुढचं साल ठरलं असलं तं पाटील ती उचलून त्याच्या हातात देई. हातात घेतली का वर्ष बांधलं गेलं. बोलायचं कामच नाही. देवमननं अशी सतरा वेळा तुतारी ठेवली अन् सतरा वेळा घेतली.

बाहात्तरच्या दिवाळीनंतर भरल्या गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. दीड महिना तो वाशीमच्या एका दवाखान्यात पडून होता. शेजारच्या खाटेवर फुलचंद मास्तर नावाचे म्हातारे किरस्ताव गृहस्थ होते, खुबा मोडलेले. ते रोज दुपारी काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडत अन् मोठ्यानं वाचत. देवमनले अक्षर येत नव्हतं, कान होते.

मिसर देशात एक जमात गुलाम होती. फारो राजा त्यांच्याकडून विटा पाडून घेई. मोशे नावाच्या माणसानं त्यांना बाहेर काढलं. समुद्र फाटला, लोक पलीकडे गेले. पण थोडे दिवस जात नाहीत तं त्याच लोकांची कुरकुर सुरू. तिकडं कांदे होते, काकड्या होत्या, मटणाच्या हंड्या होत्या, इथं वाळवंटात मरायले कायले आणलं?

देवमन खो खो हसला.

मास्तर म्हणाले, "काहून हसलास रे?"

"मले पाटलाच्या घरची कढी आठोली, गुरुजी. पाय मोडून पडलो, पाटील एकदाबी पाहाले आला नाही, अन् मी रोज त्या कढीची आठोण काढून राह्यलो."

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "मंग तुले गोष्ट समजली," म्हणाले.

देवमननं धर्म बदलला नाही. धर्म त्याच्या बापानंच छप्पन साली बदलला होता, नागपूरले जाऊन. पण मी त्याचा शेजारी, मले तो म्हणे, "बाप नागपूरले गेला अन् निंगाला. मी तं गोठ्यातच राह्यलो ना बे."

त्र्याहात्तरचा पाडवा आला. दुष्काळ होता, विहिरी खडखडीत. अशात सालदारकी म्हणजे घरात ज्वारी पक्की. देवमन लंगडत गेला अन् तुतारी उंबऱ्यावर ठेवली. पाटलानं ती उचलून पुढं केली. देवमननं हात मागं बांधून घेतले.

"यंदा नाही, पाटील."

"खाशील काय? दगडं?"

"फोडीन. अनसिंगच्या रस्त्यावर खडीचं काम निंगालं हाय."

पाटील काही वाईट माणूस नव्हता. रागावला नाही. "अखाजीलोक जागा राखतो," म्हणाला. "तोलोक डोकं ठिकाणावर येईल तुह्यं."

म्हणजे अक्षयतृतीयेलोक, एक महिना. या महिन्यात देवमन टिकतो का परत जातो, हे पाहायले सारं गाव बसलं. त्याची बायको भागिरथा तं पहिल्याच दिवशी कडाडली. "लेकरायले काय खाऊ घालशीन? तुह्या मोशेची गोष्ट?"

अन् दुसऱ्याच दिवशी फजिती झाली. पहाटे चारले देवमन उठला अन् चालायले लागला. तीन बैलांपुढं कडबा टाकून झाला, चौथ्याले टाकत होता, तं पाटलीणबाई कस्तुराबाई कंदील घेऊन आली.

"देवमन? तू तं निंगाला होता ना रे बाप्पा?"

देवमननं हातातल्या कडब्याकडं पाह्यलं. "मी निंगालो, पाटलीणबाई. पाय राह्यले."

चार दिवस गावाले हसायले पुरलं. देवमन मात्र हसला नाही. खडी फोडता फोडता मले म्हणाला, "मास्तर सांगे ते खोटं नाही. समुद्र एका दिवसात पार होते. पाय बाहेर काढाले चाळीस वर्षं लागतात, त्या लोकायले वाळवंटात लागली तशी."

आमचे ढीग शेजारी शेजारी होते. दुपारी कामावर सुकडी वाटत. गहू, शेंगदाणे, गूळ भाजून केलेला भुगा, पळसाच्या पानावर एकेक ओंजळ. पहिल्या दिवशी पान हातात घेताच देवमनले मास्तरांची गोष्ट आठोली. त्या गोष्टीत वाळवंटात रोज सकाळी जमिनीवर अन्न पडे. दिवसापुरतं वेचायचं. उद्यासाठी ठेवलं का त्यात किडे पडत. हे त्यानं साऱ्या कामावर सांगितलं. बायाही ऐकत, त्यात भागिरथाही, तीही कामावर येई.

"कोणं धाडलं म्हणते तुहा मास्तर?" एकीनं विचारलं.

"देवानं. मले देवाचं ठाव नाही. पण उद्याचं उद्याले येते, येवढं पटलं."

पटलं म्हणे! पंधरा दिवसांनी त्याचा घण खाली यायले लागला तो आडवातिडवा. डोळे खोल गेले. ढीग माह्या ढिगाच्या निम्मा. एके सांजेले घरून भागिरथेचा आवाज आला, मी शेजारचा म्हणून धावलो. तिच्यापुढं एक मडकं पालथं पडलं होतं अन् जमिनीवर खवट वासाची सुकडी. वळवळत होती.

"रोजची अर्धी याच्यात टाकून राह्यला हा! पोटाले मारून!" ती मले म्हणाली, मंग नवऱ्याकडं वळली. "साऱ्या कामाले सांगत फिरतो ना, ठिवू नका, ठिवू नका? अन् ठिवली ते ठिवली, पाण्याच्या ओल्या मडक्यात? मोशेले येवढीबी अक्कल नव्हती का?"

चमत्कार वगैरे काही नाही. मडकं ओलं होतं. पण देवमन त्या किड्यांकडं पाहून बोलला. "मले उद्याचं भेव वाटे. पाटलाच्या कणगीत जवारी होती तं वाटत नसे. आता कणगी नाही म्हणून मी मडक्यात कणगी केली."

"अन् आता?" तिनं विचारलं.

"आता जेवाले वाढ."

त्या दिवसापासून मिळालेलं त्यानं त्याच दिवशी खाल्लं. ढीग वाढायले लागला. शिल्लक मात्र चिमूटभर नव्हती, अन् अखाजी आली.

दुष्काळात कोणता सण? काम चालूच होतं. दुपारी सुकडी वाटणं सुरू झालं अन् रस्त्यावर पाटलाची छत्री दिसली. दुसऱ्या हातात तुतारी. सारे घण थांबले.

"देवमन, आज अखाजी. उद्या ही भाऊसिंगच्या हातात जाईल, तो साल धरायले तयार हाय. अन् ही खडी पाणी पडलं का बंद. मंग?"

बरोबरच होतं त्याचं. पाटलानं तुतारी पुढं केली, अन् मी माह्या डोळ्यांनी पाह्यलं, देवमनचा उजवा हात वर यायले लागला. सतरा वर्षांची सवय. पायासारखाच हातही आपल्या मनानं चालला होता.

मी भागिरथेकडं पाह्यलं. महिनाभर कुरकुरली ती तीच. ती दोन पानं घेऊन उठली, पुढं आली, अन् नवऱ्याच्या त्या पसरलेल्या हातावर एक पान ठेवलं.

"धर. आजचं आलं," म्हणाली. मंग डोक्यावरचा पदर सारखा करून पाटलाकडं वळली. "याच महिन्यात माह्या पोरीईनं बापाले उजेडात पाह्यलं, पाटील. लहानी त्याच्या मांडीवर झोपते. तुमी भाऊसिंगलेच घ्या."

पाटील म्हणाला, "मायबाई, सुकडी सांडून राह्यली त्याच्या हातची." खरंच सांडत होती. पाटील गेला. देवमननं सांडलेलं वेचून खाल्लं, खडीसकट, अन् एकदम हसायले लागला. मंग आमीही हसलो. कायले हसलो ते कोणाले माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार, कामाले सुट्टी. सूर्य कासराभर वर आला तरी देवमन दिसेना, म्हणून मी त्याच्या अंगणात डोकावलो. तो बाजेवर आडवा, घोरत होता. लहानी त्याच्या पोटावर. मी हाक मारायले तोंड उघडलं तं भागिरथेनं बोट ओठावर ठेवलं.

"झोपू द्या, भाऊजी. पहाटे चारले पाय हालले होते त्याचे," ती पुटपुटली. "मी पाह्यत होती. हालले, अन् पुन्हा निजले."