दोन वर्षांचा आराखडा

मला धक्के बसायचे दिवस ठरलेले आहेत. परळच्या आमच्या कॉलेजात नोकरदार मुलांसाठी संध्याकाळची एमएस्सी कम्प्युटर सायन्स चालते. ॲडमिशन झाली की प्रत्येकाने एक फॉर्म भरायचा असतो. दोन वर्षं, चार सेमिस्टर, कुठला विषय कधी घेणार आणि का घेणार. तो वाचून सही करायचं काम माझ्या गळ्यात! घरी काही सांगायला गेले की नवरा म्हणतो, "तू तिखटमीठ लावून सांगतेस." अहो, तिखटमीठ लावायला जागा तरी ठेवतात का ही मुलं!

*

चिंचपोकळीचा ओंकार घ्या. त्याने निवडलेल्या विषयांत कशाचा कशाला मेळ नव्हता. कारणाच्या रकान्यात मात्र सगळीकडे एकच शब्द. "तळमजला."

"हे काय रे?"

"मॅम, दिवसभर एसी रिपेअरिंगसाठी जिने चढतो. विषय कुठलाही शिकेन, पण संध्याकाळी चौथा मजला नको!"

मी त्याला अर्धा तास झापलं. मग नाइलाजाने सही केली. पठ्ठ्या वर्गात पहिला आला! आता नवीन मुलं येऊन मला हळूच विचारतात, "मॅम, तळमजल्यावर काय काय असतं?"

*

माहीमच्या एका मुलाचा फॉर्म इतका नीटनेटका, की मी खूश. पेन टेकवणार, तेवढ्यात फोटोकडे लक्ष गेलं. फोटोत ही एवढी मिशी, समोरचा चेहरा गुळगुळीत!

"कोण रे हा?"

"दादा. तीन वर्षांपूर्वी इथेच होता. त्याच्या नोट्स घरात पडल्यात, मग विषयही तेच घेतले. म्हटलं, झेरॉक्सच मारू!"

"अरे, नाव बदललंस, फोटो नाही बदललास?"

"दादा म्हणाला, कोण बघतंय!"

मी कपाळावर हात मारला आणि खाली बघते तर काय, माझी सहीसुद्धा झेरॉक्समध्ये आलेली!

*

एका जोडीने चारही सेमिस्टरचे विषय सेम टू सेम घेतले होते. कारण दोघांचंही "आवड". दुसऱ्या वर्षी त्यांचं फिस्कटलं. सकाळी ती आली, "मॅम, तो नसेल असा कुठलाही विषय द्या." दुपारी तो आला, "मॅम, ती नसेल असा कुठलाही द्या."

शेवटची तारीख उलटून गेली होती. जागा एकाच विषयात उरल्या होत्या. दोन!

*

पण ह्या सगळ्यांवर कडी केली ती स्नेहलने. ती घोडपदेवची, तिशीतली, जवळच्याच एका हॉस्पिटलच्या कम्प्युटर विभागात कामाला. मुलगी झाली तेव्हा तिला एमएस्सी अर्ध्यात सोडावी लागली होती. ह्या खेपेला हॉस्पिटलने संध्याकाळची ड्युटी माफ करायचं कबूल केलं, पण दोनच वर्षं. आणि दोन वर्षांत डिग्री नक्की पूर्ण होते असा सही-शिक्क्याचा आराखडा आधी दाखवायचा.

"मॅम, आता नाही झालं तर परत कोणी सोडणार नाही मला," ती म्हणाली.

एकही चूक नको म्हणून तिने काय करावं? आमचं अख्खं नियमांचं पुस्तक घातलं कम्प्युटरमध्ये, आणि विषयांचा क्रम लावणारा प्रोग्रामच लिहिला! दुसऱ्या दिवशी आली ती रडवेली होऊन.

"मॅम, प्रोग्राम म्हणतो डिग्री पूर्ण होऊच शकत नाही. माझं काहीतरी चुकलंय ना?"

"चुकलंच असणार," मी हसत म्हटलं आणि पुस्तक उघडलं. पान सतरा. नेटवर्क्स घ्यायचा तर सिस्टिम्स पास हवा. पान एकोणीस. सिस्टिम्स घ्यायचा तर नेटवर्क्स पास हवा. आणि दोन्ही विषय सक्तीचे!

माझं हसू जागच्या जागी थिजलं. अहो, इतक्या बॅचेस पास होऊन नोकरीला लागल्या की!

*

मी तशीच ऑफिसात पळाले. आमच्या परबबाई वर्षानुवर्षं हे फॉर्म तपासून पुढे पाठवतात.

"परबबाई, तुम्ही हे कधी वाचलंच नाही?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, वाचूक वेळ कोणाक आसा? मी फोटो चिकटवलो काय ता बघतंय."

*

एचओडी सरांना सांगितलं तर ते पहिल्यांदा उठले आणि केबिनचं दार लावून आले. पुस्तक त्यांनीच लिहिलेलं!

"कुठे बोलू नका," ते म्हणाले. "तिला सांगा, बाकीच्यांसारखाच भर."

मी सांगितलं. स्नेहलने मान हलवली. "फॉर्मच्या खाली लिहिलंय, नियम वाचून त्याप्रमाणे आराखडा केला आहे. आता वाचलेत मी, मॅम. खोटी सही करून उद्या हॉस्पिटलने पकडलं तर माझी नोकरी जाईल."

शेवटी सरांना अभ्यासक्रम कमिटीची मीटिंग बोलवावी लागली. आम्ही पाच जण जमलो. पान एकोणीसवरची अट सगळ्यांच्या सह्यांनी रद्द झाली. सरांनी सुटकेचा श्वास सोडला, बिस्किटं मागवली आणि स्नेहलला लॅपटॉप घेऊन आत बोलावलं.

"आता चालव तुझा प्रोग्राम. होते का डिग्री?"

तिने ती अट काढून बटण दाबलं. स्क्रीनवर चार सेमिस्टरचे चार रकाने आले. पहिला भरलेला. दुसरा भरलेला. तिसरा भरलेला.

चौथा कोरा!

सरांनी क्रेडिट्स बोटांवर मोजले. मग मी मोजले. मग कॅल्क्युलेटर आला. एक क्रेडिट कमी नाही, एक विषय राहिलेला नाही. दीड वर्षात डिग्री पूर्ण!

"मग चौथ्या सेमिस्टरला इतकी वर्षं आपण शिकवतोय काय?" सरांनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौथी सेमिस्टर मी शिकवते! मला दरदरून घाम फुटला.

सरांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. "हा प्रोग्राम," ते अगदी हळू म्हणाले, "आत्ताच्या आत्ता डिलीट कर."

स्नेहलने फॉर्म त्यांच्यासमोर सरकवला. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती.

"करते ना, सर. आधी सही करा. बाहेर अख्खा वर्ग फॉर्म घेऊन थांबलाय. सकाळीच ग्रुपवर टाकलाय मी प्रोग्राम!"