तिची नक्कल मी केली नाही

दारूची गोष्ट सांगतो म्हटलं की तुम्ही सावरून बसता. आता बाप झिंगत येणार, आईला मारणार, पोरं कोपऱ्यात रडणार. सॉरी यार. माझा बाप सुपारीसुद्धा खात नव्हता. प्यायचो मी. पण गटारात पडलो नाही, बायकोवर हात उचलला नाही. मी प्यालो की लोक हसायचे. ज्यांना मारझोड ऐकायची होती त्यांनी उठलं तरी चालेल.

मी नकला करतो. जतच्या शाळेत मास्तरांच्या करायचो, मार खायचो. मुंबईला आलो, मुलुंडच्या एका पंपाच्या कारखान्यात टेम्पररी लागलो, तिथं कॅंटीनवाल्याची केली, युनियनच्या पुढाऱ्याची केली, वॉचमन कसा झोपतो ते केलं. पोरं म्हणायची, झकास. बातमी साहेबांपर्यंत गेली. साहेब म्हणजे आमचे पर्सोनेल मॅनेजर, भरती-रजा सगळं त्यांच्याकडं. पार्ल्यात वाढलेले, मराठी एकदम स्वच्छ, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला.

एका शनिवारी त्यांनी मुलुंडलाच घरी बोलावलं. संध्याकाळी. कलर टीव्ही नवीनच आला होता, तो बघायला त्यांचे चार-पाच मित्र बसले होते, सगळे अधिकारी. मला म्हणाले, "लाजतोस काय? घसा ओला कर आधी." आणि आत बघून बायकोला, "अगं, ह्याला खिडकीतला ग्लास दे."

त्यांचे ग्लास काचेचे. कपाटातले. माझा स्टीलचा, मोरीच्या खिडकीत उपडा ठेवलेला. का, ते मला विचारू नका. तुम्हालाही माहीत आहे. मी काय केलं? हसलो. त्या ग्लासाचीच नक्कल केली. ग्लास खिडकीत एकटा उभा राहून कसा आत बघतो, ते. सगळे पोट धरून हसले. साहेबांनी ग्लास काठापर्यंत भरला.

असे तीन वर्षं शनिवार. आधी शनिवारी प्यायचो, मग घसा बसू नये म्हणून शुक्रवारी, मग बाकीच्या वारांनी काय पाप केलं होतं?

घर घाटकोपरला, भटवाडीत. एक खोली, मी, बायको सिंधू आणि आई. लग्नाला चार वर्षं झाली होती. पाळणा नाही. एकदा दिवस गेले होते, तिसऱ्या महिन्यात गेलं. तेव्हापासून आईनं सिंधूला नावानं हाक मारणं सोडलं. "ए" म्हणायची. मंगळवार, शुक्रवार, संकष्टी, सगळे उपास सिंधूला. जतला एक पोरगी आईनं बघून ठेवली होती. तिच्या बापाला शब्द पण दिला होता. दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर सिंधूला माहेरी सोडायचं आणि ती पोरगी आणायची. हे माझ्यासमोर ठरलं. मी भाकरी खात होतो. मी आईच्या मामाची नक्कल करून विषय बदलला.

सिंधूनं बायकांच्या डॉक्टरणीकडं चार खेपा घातल्या. इंजेक्शनं घेतली. चौथ्या खेपेला ती बाई म्हणाली, "तुझ्यात काही नाही. नवऱ्याला पाठव."

मला पाठव? मी काय आजारी होतो? पण गेलो. स्टेशनजवळ एक म्हातारे डॉक्टर होते त्यांच्याकडं. ते म्हणाले, पाच दिवस बायकोपासून लांब राहा, मग तपासणी. राहिलो लांब. दारूपासून लांब राहा असं कुणी बोललं नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी लॅबमध्ये जायचं म्हणून धीर यावा इतकी घेतली आणि गेलो. छोटी बाटली हातात देऊन एका माणसानं संडासाकडं बोट केलं. बाहेर तीन बायका बाकावर बसलेल्या. त्याची नक्कल मी अजून कुणाला करून दाखवली नाही.

दुपारी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. माझ्या तोंडाचा वास घेतला. विचारलं, "रोज?"

"तसं रोज नाही, साहेब."

"म्हणजे रोज." चष्मा काढला. "लोकांना वाटतं दारू फक्त लिव्हर खाते. तुझं बी कमी झालंय. जे आहे त्यातलं बरंच वेडंवाकडं आहे, त्याला जोर नाही. नवं बी तयार व्हायला शरीराला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस एक थेंब नको. मग परत तपासू. हमी देत नाही."

मी विचारलं, "ते एकदा राहिलं होतं, ते..."

"ते तुझ्यामुळे गेलं असं मी म्हणणार नाही. तुझ्यामुळे नाही गेलं असंही म्हणणार नाही. पोराची तब्येत एकट्या आईच्या पोटात ठरत नाही रे. तुझाही त्यात अर्धा वाटा आहे."

बाहेर आलो. पाय चालत होते, मी चालत नव्हतो. ज्याला कधी नाव ठेवलं नाही असं पोर डोक्यात आलं. ते माझ्यासारखं नकला करणारं झालं असतं का? मग मी काय केलं? पहिला गुत्ता गाठला. खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सिंधूनं विचारलं, "काय म्हणाले?"

मी डॉक्टरांचा आवाज काढला. चष्मा काढल्यासारखा हात केला. "सगळं व्यवस्थित आहे हो. काळजी करू नका." ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. आई पलीकडून म्हणाली, "माझ्या पोरात काय असणार? बघ गं ए, ऐकलंस न्हवं?" सिंधूचं हसू तिथंच थांबलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार. तिनं उपास धरला. मी डबा घेऊन कामावर गेलो.

आता माझी अक्कल ऐका. कारखान्यात नियम होता, अर्ध्या दिवसाची रजा घेतली तरी दवाखान्याचा कागद जोडायचा. डॉक्टरांनी दोन कागद दिले होते, रिपोर्ट आणि सर्टिफिकेट. दोन्ही इंग्रजीत, दोन्हींवर तोच शिक्का. टाइम ऑफिसचा क्लार्क ओरडत होता, "चल रे, खिडकी बंद करतोय!" मी खिशात हात घातला, हाताला आला तो कागद अर्जाला टाचणीनं लावला. घरी येऊन शर्ट काढला तर सर्टिफिकेट खिशात. वाट लागली. सकाळी धावत गेलो. क्लार्क म्हणाला, "अर्ज तर साहेबांच्या टेबलावर गेला."

चार दिवस साहेब काही बोलले नाहीत. मला वाटलं, बघितला नसेल. एवढ्या कागदांत कोण बघतो? शनिवारी गेलो. न जाऊन चालणार नव्हतं, परमनंटच्या यादीवर सही त्यांची होती.

खिडकीतला ग्लास आला. भरला. मी कॅंटीनवाल्याचा आवाज काढायला तोंड उघडलं.

"तो नको आज," साहेब म्हणाले. "आज नवीन आयटम. लॅबमध्ये बाटली घेऊन जाणारा नवरा."

कुणीतरी आधीच फुसकन हसलं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. एक जण म्हणाला, "ह्याचे आहेत म्हणे, पण पोहता येत नाही त्यांना." टीव्हीचा आवाज कमी केला त्यांनी. माझ्यासाठी.

आणि मी केलं. हो. केलं मी. ही लाज सांगायचीच, म्हणून तर सांगतोय. माझे पाय आपोआप चालायला लागले, बाटली लपवत, बायकांच्या बाकापुढून, मान खाली. तीन वर्षांची सवय. हुकूम आला की अंग करतं. मी स्वतःचीच नक्कल करत होतो आणि एक बाई, साहेबांची बायको, दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मला थांबता येत नव्हतं. खरंच सांगतो, येत नव्हतं.

मग साहेब म्हणाले, "वा! आता बायको कर. रिपोर्ट ऐकून ती काय म्हणाली, ते कर."

मी तोंड उघडलं. सिंधूचा आवाज मला झोपेतही काढता येतो. पण आलाच नाही. कुठून येणार? तिला कळलंच नव्हतं तर ती बोलणार काय? भर दिवाणखान्यात सहा माणसांना माहीत होतं, दारातल्या बाईला माहीत होतं. जिच्या पोटात सुया आणि घरात उपास, तिला नाही.

"नाही करत," मी म्हटलं.

"का रे?"

"नाही करत."

"अरे घे, एक घोट मार, जमेल."

मी ग्लास खाली ठेवला. भरलेला. म्हटलं, "साहेब, डॉक्टर म्हणाले, हे झालं ते ह्याच्यामुळं. तीन वर्षं तुम्ही ओतताय आणि मी हसवतोय. आजपासून नाही."

साहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांच्यात चढवत नाहीत. "आम्ही काय तुझ्या तोंडात ओतली का? हात तुझा, तोंड तुझं. सोमवारी ऑफिसात भेट."

हात माझाच होता. सोमवारी माझं नाव यादीतून गेलं, महिन्याभरात कामही गेलं. ते जाऊ दे.

त्या शनिवारी मुलुंडवरून भटवाडीपर्यंत चालत आलो. वाटेतले सगळे गुत्ते मला ओळखतात. एकेकाजवळ पाय अडत होता. घरात शिरलो, आई भाजी निवडत होती, सिंधू स्टोव्हजवळ. उभ्यानंच सांगितलं सगळं. रिपोर्ट, डॉक्टर, दारू, खोटं. साहेबांना काय सुनावलं ते जरा मोठ्यानं सांगितलं. मला वाटलं, निदान त्याला तरी कुणी शाबास म्हणेल.

आई म्हणाली, "हळू बोल मुडद्या, शेजारी ऐकतील."

सिंधूनं स्टोव्ह बंद केला.

"सायबाला बोललात म्हणं," ती म्हणाली. "लई मोठं काम केलंत. सायब मला वांझ म्हणत नव्हता. ह्या म्हणत होत्या. तुमच्या पुढ्यात. आणि तुम्ही भाकरी मोडत होता."

मी खाली बसलो. रडायला लागलो.

"ते नंतर. आधी कागद काढा. जतला त्या पोरीच्या बापाला लिहा, येऊ नका म्हणून. खरं कारण लिहा."

आई मध्ये बोलायला लागली. सिंधूनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी वहीतला कागद फाडला. अक्षर वाकडं येत होतं. चार ओळी लिहिल्या. सोयरीक पुढं नेता येत नाही, घरात तब्येतीची अडचण आहे, राग मानू नये. सिंधू सातवी पास. तिनं उभ्यानं वाचलं.

"घरात तब्येतीची अडचण?" ती म्हणाली. "कुणाच्या तब्येतीची? सांगा की. हात आखडला व्हय? सुया घेताना मी न्हाई आखडला. हे वाचून गाव काय समजंल? सिंधूच समजंल. अजून मलाच पुढं करताय? पोर होईल, न्हाई होईल, ते तीन महिन्यांनी बघू, थेंब न पिता ऱ्हायलात तर. पण माझ्या नावावर हे एक दिवस जास्त ऱ्हाणार न्हाई. फाडा ते. दुसरा कागद घ्या. आणि पयल्याच ओळीत तुमचं नाव लिहा."