कोटाची पाठ आणि आजोबांचे गुडघे

माझे आजोबा फरशी बसवायचे. मीही तेच केलं. आता गुडघ्यांनी रजा घेतली म्हणून घरी आहे. या कामात माणसाचं सगळं वजन गुडघ्यांवर येतं. सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, फरशी ठेवायची, लाकडी हातोडीने ठोकायची, पाणसळ लावून पातळी बघायची. जमली नाही तर उचलून पुन्हा. बसवलेल्या फरशीवर पाय द्यायचा नसतो, म्हणून दिवसभर रांगत मागे सरकायचं. पँटचं बाकी कापड जुनं व्हायच्या आत गुडघे फाटतात.

आजोबांची पँट खाकी. तिची काळजी आजीकडे. आजीच्या खांद्यावर कायम दोरा ओवलेली सुई टोचलेली असायची. तिला मिठी मारायची तर आधी बाजू बघून घ्यावी लागे. गुडघा फाटला की रात्रीत ठिगळ लागलेलं असे. ते कापड कुठून आलं, हे आजोबांनी कधी विचारलं नाही. नवरे ठिगळाचं गाव विचारत नाहीत.

आजोबांचा दुसरा कपडा म्हणजे त्यांच्या लग्नातला कोट. गडद निळा, त्यावर उभी बारीक पांढरी रेघ. तो पेटीत असायचा, घडी केलेला, छाती वर. आजोबा मधूनच पेटी उघडत, कॉलरवरून हात फिरवत आणि झाकण लावत. घडी मोडायची नाही, हा त्यांचाच दंडक.

धाकट्या आत्याचं लग्न ठरलं ते टेलरमास्तरांच्या मुलाशी. बोलणी संपताना मास्तर म्हणाले, "लग्नाला कोट घालून या, व्याहीबुवा. मला माणूस कोटातच कळतो."

"आहे ना!" आजोबा म्हणाले. "तुम्ही बघाच."

लग्नाच्या सकाळी त्यांनी घडी मोडली. पुढचं आत्याने मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होतो असंच वाटतं.

"अगं, इकडे ये. कोटाला पाठ नाही."

"असेल की. नीट बघा."

"पिवळं अस्तर दिसतंय नुसतं. कापड कुठंय?"

आजीने खुंटीवरच्या खाकी पँटकडे बोट दाखवलं. "तिथे. दोन्ही गुडघ्यांवर."

"माझा लग्नातला कोट कापलास?"

"लग्न झालं ना तुमचं? कोट पेटीत झोपा काढतो, गुडघे रोज राबतात. कापड कुणाला द्यायचं, सांगा."

आजोबांनी खुंटीवरची पँट काढून दोन्ही गुडघे चाचपले.

"मग उसव आणि परत लाव."

"सिमेंटसकट?"

"शेजाऱ्याचा आणतो."

"आणा. मास्तर खांदे बघून सांगतील, कोट कुणाचा ते."

आता आजोबा खाली बसले. "चेष्टा नको. त्या माणसाने हे बघितलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल. बाप अर्धा कोट घालून आला म्हणून."

आजीने सुई खांद्यावर खोचली. तिचाही आवाज उतरला. "घाला तो. पुढून साहेब आहात. मागून उशीचा अभ्रा दिसताय, पण मागून बघू द्यायचंच नाही कुणाला."

लग्नाच्या हॉलमध्ये आजोबा शिरले ते भिंतीला पाठ घासतच. खांबाशी उभे राहिले, भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर बसून जेवले. मास्तरांनी दोनदा जवळ येऊन कॉलर चिमटीत धरून बघितली.

"कापड झकास आहे. जरा वळा बघू, पाठीत कसा बसलाय बघतो."

"वळलो असतो हो," आजोबा म्हणाले, "पण मान धरलीय सकाळपासून."

"मान धरली तर आख्खा माणूस वळतो की!"

"हे नाही वळत," आजी मध्ये घुसली. "घरातसुद्धा कुठल्या गोष्टीला वळले नाहीत कधी."

खरी परीक्षा निघताना होती. सगळे दारापर्यंत पोचवायला आले. आजोबांनी हात जोडले आणि मागे सरकायला लागले. आयुष्यभर मागे सरकूनच काम केलेला माणूस, पाऊल चुकलं नाही. पाठीला चिकटून आजी.

"पायरी," ती पुटपुटली. "आणखी एक. कुंडी आहे, डावीकडे व्हा."

दारात मास्तरांचे डोळे भरून आले. "बघा," ते आपल्या माणसांना म्हणाले, "याला म्हणतात रीत. निरोप घेतानाही पाठ दाखवली नाही."

प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पुढे मास्तरांच्या दुकानातली फरशी उखडली आणि ते काम हक्काने आजोबांकडे आलं. व्याह्यांकडे जायचं म्हणून आजीने पँट घासून स्वच्छ धुतली. तिथेच चुकलं. आजवर सिमेंटखाली दडलेली पांढरी रेघ वर आली.

गड्याने पहिला पट्टा पसरला होता, आजोबा पुढचा माल कालवत होते. गुडघ्यावर बसायच्या आत मास्तर समोर येऊन वाकले. दोन्ही गुडघ्यांवर निळं कापड, रेघ अगदी सरळ जुळवलेली. मास्तरांनी ते चिमटीत धरलं, कॉलर धरली होती तसंच. आत्या चहा घेऊन आली होती. ती कप-बशी घेऊन दारातच थांबली.

"व्याहीबुवा, तुमची मान तेव्हा धरली नव्हती तर!"

आजोबांनी थापी खाली ठेवली. "नव्हती."

"म्हणजे निरोपाचा तो मान..."

"मान नव्हे, मास्तर. अस्तर."

मास्तर शिलाई मशीनला धरून हसले. हसता हसता खाली बसले, ते नेमके ओल्या मालावर. आजोबांना ते अजिबात आवडलं नाही, तेवढा पट्टा पुन्हा करावा लागला. पण आत्या हसत चहा घेऊन पुढे आली. तिला त्या घरात पुढे पुष्कळ ऐकावं लागलं, या कोटावरून मात्र कधीच नाही. उलट आलेल्या-गेलेल्याला मास्तर स्वतः ती गोष्ट रंगवून सांगायचे.

दुपारी त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि आजोबा ओणवे असतानाच पाठीचं माप घेतलं, कोटही दुकानात मागवून घेतला. फरशी पूर्ण झाली त्या दिवशी कोटही तयार होता. पाठ नवी, जाड, करड्या रंगाची.

आजोबांनी तो घरी आणून ऐटीत आजीपुढे धरला. आजीने पाठीचं कापड बोटांत घेतलं, ओढून बघितलं, उजेडाला धरलं.

"मास्तरांनी कंजुषी नाही केली हो," ती म्हणाली. "हे गुडघ्यांना पुष्कळ टिकेल."

आजोबांनी कोट पेटीत ठेवला आणि प्रथमच कुलूप आणायला बाजारात गेले.