नडगीवरचा अंगठा

लष्करी अकादमीत आलेल्या शिंप्याच्या धाकट्या लेकीची नडगी आठवडाभर ठणकत होती. हाड चिरलं असेल तर घरी पाठवतील, आणि घरी आई स्थळं बघून तयारच बसली होती.

धावण्याआधी कवायतीच्या मॅडम प्रत्येकीच्या नडगीवर अंगठा दाबून बघत. रांग पुढे सरकत होती. आधीच्या मुली "आई गं" म्हणत कण्हल्या. तिच्या वेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी ती हसली.

"दुखतं?"

"छे, अजिबात नाही, मॅडम."

"एवढं धावून सगळ्यांच्याच नडग्या दुखतात, पोरी. न दुखणारी तू एकटीच. बूट काढ, दवाखान्यात जायचंय."

ती खाली वाकली. नाडीची गाठ तिला काही केल्या सुटेना.