पेटीवरची लाल पाटी

मिस्त्रीला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटत आली होती, ती म्हणजे दुसऱ्याच्या बोटाची.

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याची चौतीस वर्षं गेली. उमेदवारीच्या दुसऱ्याच वर्षी त्याचा जोडीदार लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता आणि वर कुणीतरी बंद दिसलेलं बटण भाबडेपणानं चालू केलं. चिरडलेल्या जोडीदाराला बाहेर काढायला मिस्त्रीच गेला. त्या दिवसापासून वीज तोडली की तो बटणावर पत्र्याची एक लाल पाटी अडकवायचा: ‘काम चालू आहे. हात लावू नये.’ पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची आणि काढली की लगेच शर्टाच्या खिशात टाकायची. संध्याकाळी खिसा चाचपला, पाटी हाताला लागली, की मगच तो घरची वाट धरायचा. घरीही हाच कायदा. साधा मिक्सर उघडला तरी पाटी लटकायची. बायको थट्टा करायची, "आता चटणीला परवानगी कुणाकडून काढायची?" पण पाटी असलेल्या बटणाला तिनं उभ्या जन्मात हात लावला नाही.

मिस्त्री निवृत्त झाला आणि वर्षभरात तिची फुप्फुसं रुसली. ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकात आली. जन्मभर लोकांना वरखाली करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेली बायको खिडकीतून समोरची भिंत बघत बसायची. शेवटी मुलीनं एक पेटी आणून दिली. खुर्चीखाली मावेल एवढी, दोन्ही हातांनी उचलायची, आत बॅटरी, पुढे घरासारखे प्लग. तिचं खरं नाव पोर्टेबल पॉवर स्टेशन. मिस्त्री तिला पेटीच म्हणायचा. "बाबा, ही पूर्ण भरली की आईचं मशीन आठ तास चालेल," मुलगी म्हणाली. "वर उन्हाचं पॅनेल लावलंत तर आणखी. जुनी व्हॅन काढा आणि आईला डोंगर दाखवून आणा."

मिस्त्रीनं पंधरा दिवस पेटी घरात चालवून पाहिली. आठ तास म्हणजे सहाच धरायचे, असं त्यानं मनाशी ठरवलं. व्हॅनच्या मागे गादी घातली, पेटी पट्ट्यानं बांधली आणि दोघं निघाली. पण सारा रस्ता त्याचं एक लक्ष आरशात. पेटीच्या छोट्या पडद्यावर एक्क्याऐंशी टक्के, मग बहात्तर, मग चौसष्ट. आकडा उतरला की हा उरलेले तास मोजायचा.

"अहो, पुढे बघा," ती मागून म्हणाली. "मी कुठे पळून जात नाहीये."

डोंगराच्या माथ्यावर, जिथून खालचं तळं दिसतं, तिथे त्यानं गाडी लावली आणि टपावर घडीचं पॅनेल पसरलं. सकाळचे दहा वाजले होते. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं आणि फोनला रेंज नव्हती. इतक्यात त्याच्या नाकाला जळका वास आला. मशीनचा प्लग गरम झाला होता, आतली एक तार सैल. मशीनची स्वतःची बॅटरी कधीच बसली होती, म्हणजे प्लग बंद की मशीन मुकं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की शांत बसून राहिली तर दहा मिनिटं निभेल.

"पाच मिनिटं बंद करतो. बोलू नकोस, हलू नकोस." त्यानं पेटीचं बटण दाबलं आणि सवयीनं पाटी अडकवली. तार कापली, सोलली, कसली. चार मिनिटांत काम चोख. प्लग परत पेटीत खोचला. आता बटण दाबायचं, तेवढ्यात बाहेर धाडकन आवाज झाला. वाऱ्यानं टपावरचं पॅनेल उचलून उताराला फेकलं होतं.

पॅनेल गेलं आणि परतीच्या वाटेला पेटी पुरली नाही तर, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. वारा आत नको म्हणून त्यानं दार ओढून घेतलं आणि धावत सुटला. पॅनेल दगडावरून दगडावर आपटत खाली चाललेलं, हा त्याच्या मागे. बऱ्याच खाली एका झुडपात ते अडकलं. त्यानं ते घडी करून काखेत मारलं, समाधानानं श्वास सोडला आणि काम संपल्यावर जन्मभर करत आला तेच केलं. खिसा चाचपला.

खिसा रिकामा होता.

पाटी पेटीवर होती. म्हणजे बटण बंद होतं. आणि बायको त्या बटणाला हात लावणार नव्हती, कारण तसं तिला त्यानंच शिकवलं होतं. पॅनेल तिथेच टाकून तो चढायला लागला. सहासष्टाव्या वर्षी तो चढ चढवेना. पायाखालचे दगड निसटत होते, छातीत कळ येत होती. तिला हाक मारावी तर दम पुरेना. वर व्हॅन दिसत होती, पांढरी, अगदी गप्प. उतरायला किती वेळ लागला असेल? चढायला किती? तो हिशेब त्याला करवेना. लिफ्टच्या खड्ड्याशी उभा असताना वाटलं होतं तसंच पुन्हा वाटत होतं, फक्त आज दुसऱ्याचं बोट नव्हतं.

दार उघडलं तेव्हा ती पेटीजवळ ओणवी झाली होती. ओठ काळेनिळे. एक हात गादीवर, दुसरा पुढे केलेला, बोट बटणापासून वीतभर अंतरावर. मिस्त्रीनं पाटी उपटली आणि बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. नळी जागेवर आहे ना ते बघत तो तिला छातीशी धरून बसला. ओठांना रंग यायला लागला तेव्हा त्याचा बांध फुटला, आणि आला तो राग.

"अगं, दाबायचं नाही का! वीतभर तर होतं!"

तिनं आधी पुरेसा श्वास जमवला.

"पाटी होती ना."

"मरायला टेकली होतीस! किती वेळ थांबणार होतीस?"

"तुम्ही येईपर्यंत. बाहेर तुमचा हात कुठल्या तारेवर असेल, मला काय ठाऊक." तिनं दोन श्वास घेतले. "तुम्ही कामावर असायचात... तेव्हा रोज वाटायचं, कुणीतरी बोट लावेल. चौतीस वर्षं दारात उभी राहून... आता माझंच बोट कसं लावू?"

हातातली पाटी दरीत भिरकावायला मिस्त्री दाराकडे वळला, तर तिनं त्याची बाही धरली. पाटी त्याच्याकडून घेतली, आणि त्याच्या खिशात ठेवून वरून दोनदा चाचपली.

"चला आता घरी," ती म्हणाली.